बांधावर उभं राहण्याचं काम

बेगडेवाडी, ता. ३ एप्रिल २०२५

ती. आबांस उमेशचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आपल्या मंगलने तुमच्या कानाशी ओरडून सांगितलं की सगळ्या वाडीला कळतं, म्हणून पत्र.

माझी नोकरी जायच्या बेतात आहे. नवीन साहेब आल्यात, चैताली मॅडम. प्लॅटफॉर्म आर्किटेक्ट म्हणजे तुम्ही नेमकं काय करता ते वीस तारखेपर्यंत एका पानात लिहून द्या, नाहीतर हे पदच बंद करू, असं म्हणाल्या. मी अकरा पानं दिली. ती परत आली. वर लिहिलं होतं, यात काम कुठे आहे?

खरं सांगतो, मलाही सापडलं नाही. सहा टीम प्रोग्राम लिहितात. ते सगळे ज्या एका पायावर उभे राहतात, तो कसा असावा हे मी ठरवतो. म्हणजे फळ्यावर चौकोन काढतो आणि कुणी काही नवीन करू म्हटलं की नको म्हणतो. दोन वर्षांत स्वतः एक ओळ लिहिलेली नाही. आईला सांगू नका, ती नवस बोलेल.

आशीर्वाद असावा, सध्या जरा जास्तच.

तुमचा बिनकामाचा,
उमेश

पवनानगर, ता. ११ एप्रिल

चि. उमेशास आबांचे अ. उ. आ.

(लिहिणार मंगल. आबा बोलतात तसंच उतरवतेय. आईचा नवस बोलून झाला.)

तुजं पत्र आयकून लय हसू आलं. तुजी आय मला तीस वर्षं हेच इचारती. पडकईला सगळी वाडी एकमेकांच्या खाचरावर राबती, बाया माती व्हातात, गडी दगड रचत्यात, आन् मी, कान्हू, बांधावर उभा राहून बोट दाखवतो. बांध कुटं घालायचा, पानी कुनाकडं उतरवायचं, येवढंच माजं. भात ज्याचं त्यानं लावायचं.

पर एका साली मी शहाणपना केला. आपलाच बांध हातभर उंच घेतला. खालची झुंबरबाईची खाचरं वाळली. ती भांडली न्हाई. पुढच्या पडकईला तिनं मला हाकच मारली न्हाई. ते लय लागलं. मंग मी आपल्या हातानं बांध फोडला आन् तिच्या दारात जाऊन चुकलं म्हनलो. तवापासनं बांध फुटला की पयली हाक कान्हूला. त्येच माजं काम.

त्या अकरा पानांत तुजं चुकलेलं कुटं लिवलंस?

जेवत जा.
आबा

बेगडेवाडी, ता. २६ एप्रिल

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

कुठेच लिहिलं नव्हतं. आमच्या एका टीममधल्या अमृतने दोनदा सांगितलं होतं, सगळ्यांचे प्रोग्राम एकाच दारातून नेऊ नका, अडकेल. मी नको म्हटलं. जानेवारीत दुपारभर सगळं बंद पडलं, लोकांनी अमृतला बोल लावला आणि मी गप्प बसलो. आधी त्याच्याकडे गेलो, चुकलं म्हणालो. तो म्हणाला, माहीत होतं. एवढंच.

मग लिहायला बसलो. अर्धंच पान लागलं. पाया कुठे घालायचा आणि कुणाच्या वाट्याला काय उतरेल ते ठरवणे. सहाही टीमचं ऐकून मगच नको म्हणणे. चुकलं तर आपला बांध आधी फोडणे. फुटलं तर पहिली हाक मला. खाली जानेवारीची चूक माझ्या नावाने लिहिली. मॅडमनी दोनदा वाचलं आणि बांध म्हणजे काय ते विचारलं. पद राहिलं, मीही राहिलो.

पुढच्या रविवारी पडकईला येणार होतो, ते दुरुस्तीपायी जमत नाही. काल इथे पुन्हा फुटलं, आणि अमृतने पहिली हाक मला मारली. आबा, मला फार बरं वाटलं.

लोभ आहेच. आईला म्हणावं, नवस फेडायला मी येतो.

तुमचाच,
उमेश