गाडीतली गादी

मंगळवार, तेर

हे वारल्याला आठ महिने झाले. निवृत्तीनंतर सांचीला, बोधगयेला जायचं म्हणून यांनी आमच्या व्हॅनमध्ये पलंग, ओटा, पडदे सगळं बसवून घेतलं, आणि गाडी दारातच राहिली. दीर म्हणतात, विकून टाका. मी नुसतं हूं म्हणते.

शेजारच्या सुशीलाबाई आठवड्यातून दोनदा एसटीनं धाराशिवला डायलिसिसला जातात. गेल्या शुक्रवारी मी कामाला धाराशिवला गेले, तर त्या तिथल्या स्टँडवर बाकावर आडव्या पडलेल्या दिसल्या. परतताना बसायचंही बळ राहत नाही, म्हणाल्या. तेव्हाच ठरवलं का मी? आठवत नाही.

आज सकाळी नव्या गादीवरचं प्लास्टिक काढलं आणि त्यांना घेऊन निघाले. गाडी चालवायला मला यांनीच शिकवलं. प्लास्टिक काढताना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

परतीला धाराशिव सुटायच्या आतच सुशीलाबाई झोपल्या. त्यांच्या दारात आल्यावरही उठवावंसं वाटेना. इंजिन बंद करून बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांना जाग आली.

"बाई, तुमी कवा झोपलात का हितं?"

"नाही."

"कामून?"

गादीवर प्लास्टिक होतं, एवढंच म्हणाले.

त्या गाडीच्या पत्र्याकडं सरकल्या. "या, पडा जरा."

चपला काढून मी त्यांच्या शेजारी पडले. काही वाटलं नाही, खरंच. त्यांनी आपल्या शालीचं टोक माझ्या अंगावर ओढलं. मी ते राहू दिलं.