पद्माच्या प्रगतीचा तक्ता

६ जानेवारी, सोमवार. सकाळी साडेसात
आजपासून रोजनिशी. पुढे कुणी विचारलं की अनंतराव, हे तुम्ही कसं साधलंत, तर हाताशी नोंदी हव्यात.
पद्माला पार्किन्सन्स होऊन अडीच वर्षं झाली. उजवा हात थरथरतो. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. मिरजेचे डॉक्टर म्हणतात, हा आजार मागे फिरत नाही, आहे ते जपायचं. डॉक्टरांना असं बोलावंच लागतं. मी पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. चूक कुठे आहे ते कळलं की ती खोडता येते.
संकल्प: मार्चअखेर थरथर निम्मी. जूनमध्ये बंद.
ज्ञानदाने, म्हणजे आमच्या मुलीने, साताऱ्याहून फोन करून इथला, सांगलीतला एक क्लास शोधून दिलाय. विश्रामबागला, सोमवार-गुरुवार, सकाळी दहा ते साडेबारा. अशाच पेशंट लोकांसाठी चित्रं, नाच आणि झाडापानांत फिरणं. जरा पोरकट आहे. पण माझी देखरेख असल्यावर उपयोग होईल.

त्याच दिवशी, दुपारी
क्लास घेणारी साक्षी फिजिओथेरपिस्ट आहे. वय अठ्ठावीस असेल. ‘फ्लो’ हा शब्द तासाभरात चौदा वेळा वापरला. प्रवाहाचं मला कुणी सांगायला नको, कोयनानगरला तो क्युसेकमध्ये नकाशावर लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.
गाणं लावून सगळ्यांनी हात हलवायचे होते. मी पद्माचं कोपर धरून दिशा देत होतो. साक्षी म्हणाली, काका, तुम्ही नाचा तरी, नाहीतर खुर्चीवर बसा. बसलो. निरीक्षकही लागतोच.

७ जानेवारी
तक्ता तयार. फ्रिजवर लावला. थरथर मोजायची पद्धत माझी स्वतःची: सकाळचा चहा पिताना बशीत किती सांडतो ते चमच्याने मोजायचं.
आजचं माप: अडीच चमचे.
पद्माने तक्ता पाहिला. बशी धुवून पालथी घातली. विचार करत असावी.

९ जानेवारी, गुरुवार
चित्राचा पहिला तास. जास्वंदीची फांदी समोर ठेवली होती. पद्माची रेघ प्रत्येक वळणावर थरथरली. पाकळ्या पाण्यातून पाहिल्यासारख्या. साक्षी म्हणाली, वा काकू. खोटं कौतुक पेशंटला घातक असतं.
शेजारी लालासाहेब बसतात. कवठे महांकाळचे, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, त्यांनाही हाच आजार. त्यांनी फुलाऐवजी रणगाडा काढला. मला म्हणाले, “सायेब, वहिनींचा हात लय ग्वाड चालतोय. रेघ हालती ती हालू द्या की.” चांगला माणूस आहे. कलेची जाण नाही.
पद्मा दुपारी झोपल्यावर तिचं चित्र घेतलं. खोडरबर फार हलका वापरला. पाकळ्या पाच, सारख्या अंतरावर. तिला धीर येईल.

१० जानेवारी
पद्माने चित्र बराच वेळ पाहिलं. विचारलं, हे कोणी काढलं? मी म्हटलं, तूच. ती म्हणाली, “असं.”
आनंद झालेला दिसला.

१४ जानेवारी, संक्रांत
माप: तीन चमचे. सणाची गडबड. हा आकडा तक्त्यात धरला नाही.

१७ जानेवारी
आजपासून कप पाऊण भरतो. पूर्ण भरलेला कप कुणाच्याही हातून सांडेल, ती तुलना न्याय्य नव्हती.
माप: सव्वा चमचा. निम्म्यावर आलं. मार्चचं उद्दिष्ट जानेवारीत पूर्ण. ज्ञानदाला फोनवर कळवलं. ती म्हणाली, बाबा, आईशी जरा बोलू दे. दार लोटून अर्धा तास बोलल्या.

२० जानेवारी, सोमवार
साक्षीने पद्माच्या वहीतली चित्रं एकेक करून पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. घरी नेलेली सगळी चित्रं नीटनेटकी आहेत हे तिच्या लक्षात आलं असणार.
तिने पद्माला विचारलं, आधी चित्रं काढायचात का? पद्मा म्हणाली, कोयनानगरला थोडं काढायची. खरं आहे. क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसून रद्दी नकाशांच्या पाठकोऱ्या बाजूवर डोंगर काढायची. एक मी रोट्रिंगच्या शाईपेनने पक्का करून, फ्रेम करून भिंतीवर लावला होता. पुढे काढणं सोडलं तिने. आवड टिकली नाही.

२३ जानेवारी
विचार केला, मीच का काढू नये? फ्लो म्हणतात तो मला पटकन सापडेल, हात तयार आहे. ड्रॉइंगची मोठी वही आणली. पद्माला क्लासला सोडून कृष्णेच्या घाटावर बसलो. समोर आयर्विन पूल.
पावणेदोन तास बसलो. समास आखला. खालच्या कोपऱ्यात चौकट करून नाव, तारीख, स्केल लिहिलं. ‘तपासणार’ ही सहीची जागा रिकामी ठेवली. पूल उद्या. आज ऊन फार होतं.

२७ जानेवारी
पूल झाला नाही. वारा.

३० जानेवारी
पूल झाला. कमानी बिनचूक आहेत. पद्माला दाखवला. ती म्हणाली, छान. मग म्हणाली, यात नदी कुठंय? नदी राहिली होती. पाण्याला रेघ नसते, काय काढणार?
पद्मा हसली. बऱ्याच दिवसांनी. माझ्यामुळे हसली, याची नोंद असावी.

६ फेब्रुवारी, गुरुवार
हरिपूरला संगमावर सहल. सगळ्यांनी वाळूत अनवाणी चालायचं होतं. साक्षीने आधीच सांगितलं, कुणी चालत असताना नातेवाइकांनी हाका मारायच्या नाहीत. लक्ष विभागलं की पाय अडतात. लहान स्पीकरवर गाणं लावलं.
पद्मा निघाली. अडखळली नाही. हात मोकळे, मान वर, पायाखाली न बघता. लालासाहेब म्हणाले, “बगा, कशी चालल्याती वहिनी.” अठरा पावलं. एकोणीस. वीस. मी पाण्याकडेला उभा होतो. एवढं न अडता ती दोन वर्षांत चालली नव्हती. मी मोठ्याने मोजू लागलो. एकवीस, पद्मा, बावीस, थांबू नको.
तिने माझ्याकडे पाहिलं. पाय थांबले. अंग पुढे गेलं.
उजवं मनगट. मिरजेला एक्स-रे. फ्रॅक्चर, प्लास्टर सहा आठवडे.
वाळू सैल होती.

७ फेब्रुवारी
वाळू सैल होती आणि उतारही होता. असल्या जागी पेशंट नेऊ नयेत. साक्षीला लेखी कळवणार आहे.
चहा मी पाजतो. माप घेण्याचा प्रश्न नाही.

८ फेब्रुवारी
पत्राचा मसुदा केला. ‘नातेवाइकाने हाक मारल्यामुळे’ हे वाक्य कुठे घालावं ते जमेना. फाडला.

१२ फेब्रुवारी
लालासाहेब घरी आले, भडंगाची पुडी घेऊन. पद्मा आत झोपली होती. मी वाळूचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचा हात गुडघ्यावर हालत होता. म्हणाले, “सायेब, वाळू न्हवती. तुमी वरडला.” मग म्हणाले, “आमीबी बायकूवर लय वरडलो जल्मभर. आता आवाज निगंना, तवा ती हसती आमाला.”
चहा न घेता गेले. घाईत असावेत.

१३ फेब्रुवारी
मी ओरडलो नव्हतो. मोजत होतो.

२४ फेब्रुवारी
पद्मा आठवड्यात मोजून दहा वाक्यं बोलली असेल. दुखत असणार. प्लास्टर निघेपर्यंत क्लास बंद. तक्ता फ्रिजवरून काढला, तात्पुरता.

६ मार्च
तिच्या गोळ्या शोधताना कपाटात साड्यांखाली कागद सापडले. एकवीस. डाव्या हाताने काढलेले. मी भाजी आणायला, बँकेत गेलो असताना काढत असणार. खिडकीतला शेवगा. कावळा. तिचं स्वतःचं प्लास्टर. एकही रेघ सरळ नाही, डाव्या हाताला रेघ धरताच येत नाही. तरी शेवग्याच्या शेंगा वाऱ्यावर हालताहेत असं वाटलं.
कावळ्याची चोच जरा वाकडी होती.

८ मार्च, शनिवार
पद्माने कावळा हातात घेऊन मला हाक मारली. म्हणाली, “अहो, चोचीला हात लावलात?” मी म्हटलं, थोडीशीच नीट केली. तिने बसायला सांगितलं. तिचा आवाज हल्ली बारीक झालाय, पुढे वाकून ऐकावं लागलं.
ती म्हणाली, कोयनेच्या क्वार्टरमध्ये मी डोंगर काढला होता. भूकंपाचा धक्का बसला होता त्या सकाळी. डोंगर हालल्यासारखा मला दिसला, तसा काढला. संध्याकाळी ऑफिसातून येऊन तुम्ही त्यावर शाईने रेघ मारलीत, आणि शेजारच्यांना बोलावून दाखवलंत, बघा, आता कसा डोंगर दिसतोय. मी त्यांना चहा केला. त्यानंतर मला काही काढावंसं वाटलं नाही.
तिला सकाळची गोळी घेतली का ते आठवत नाही. आणि पस्तीस वर्षांपूर्वीचं हे सगळं.
मी म्हटलं, तेव्हाच सांगायचंस. ती म्हणाली, “तेव्हा तुम्ही खूश होतात.”

९ मार्च
कावळ्याची चोच खोडून पुन्हा वाकडी करण्याचा प्रयत्न केला. तशी होत नाही. तीन वेळा केली. कागद फाटला.

२० मार्च
प्लास्टर निघालं. मनगट काडीसारखं झालंय. पद्माने ज्ञानदाला फोन करून बोलावलं. मला नंतर कळलं. थोडे दिवस साताऱ्याला राहून येते म्हणाली. हवापालट चांगलाच. पाडव्याला परत येईल.

३० मार्च, पाडवा
ज्ञानदाचा फोन. आईला इथे बरं वाटतंय. मागच्या अंगणात फिरते, रेडिओ लावून. अजून आठवडाभर राहू दे. म्हटलं, राहू दे, माझीही इथे बरीच कामं आहेत.
गुढी उभारली. एकट्याने कलश धरून काठी बांधता येत नाही. शेजारच्यांना बोलावलं.

६ एप्रिल
अजून एक आठवडा.
तिच्या येण्याची तयारी केली. मागच्या खोलीतलं माझं ड्रॉइंग टेबल बाहेर काढलं. खोली तिच्यासाठी. उजेड उत्तरेचा. या वेळी मी काही म्हणजे काही बोलणार नाही. लिहून ठेवतो आहे.

१३ एप्रिल, रविवार. सातारा स्टँड, दुपारी सव्वाचार
तिला आणायला आलो होतो. तीन तास ज्ञानदाकडे होतो, आता सांगलीची गाडी लागायची आहे. एकच तिकीट.
दार पद्मानेच उघडलं. चालत आली, भिंतीला हात लावून. माझ्यासाठी जेवायची थांबली होती. आम्ही जेवलो. मी खोलीचं सांगितलं, उत्तरेच्या उजेडाचं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मी इथंच राहते.” ज्ञानदा ताटं उचलून आत गेली.
मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, जितके दिवस हात चालेल तितके. नंतर तुम्हालाच करावं लागेल सगळं, भरवणं, उठवणं. तेव्हा येईन की. तेव्हा तुम्ही लागालच मला. हे दिवस तेवढे मला द्या.
मी म्हटलं, मी बोलणार नाही, पद्मा. काही खोडणार नाही. नुसता शेजारी बसेन.
ती म्हणाली, “तुम्ही शेजारी बसलात की मी तुमच्यासारखं काढायला बघते.”
रागावली नव्हती. माझ्या शर्टाची कॉलर आत मुडपली होती ती तिने नीट केली. हात थरथरत होता, बराच वेळ लागला. मी हललो नाही.
मग ती आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. रेडिओ लागला. मी पायरीवर बसलो. आतून पावलांचा आवाज येत होता, फरशीवर घासत जाणारा, मध्ये थांबणारा, पुन्हा सुरू होणारा. एकदा ती गाण्याबरोबर गुणगुणली. पद्माला गाता येतं हे मला माहीत नव्हतं.
ज्ञानदा बाहेर आली. म्हणाली, बाबा, आत सांगू का तुम्ही निघताय म्हणून? मी नको म्हटलं.
गाडी लागली. खिडकीची जागा मिळाली आहे.