हिनाकोच्या पायाचं माप

युझावा,
१२ ऑक्टोबर १९९७

ती. बाबांना मिनाएचा सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली सुक्या माशांची पेटी परवा पोहोचली. हिनाकोने पहिल्याच दिवशी तीन मासे संपवले आणि ओतारूचे मासे आपल्याकडच्यापेक्षा शहाणे असतात असं मला सांगितलं. कसे, ते विचारलं तर म्हणाली, चवीवरून कळतं.

सरायीतलं माझं काम ठीक चाललंय. पानं लाल झाली की पाहुणे वाढतात, त्यामुळे सध्या पाठ टेकायला फुरसत नाही. तुमच्या शिन्पेईचा महिन्याचा निरोप ध्रुवीय संशोधन संस्थेतर्फे आला. अंटार्क्टिकावरच्या तळावर सगळे खुशाल आहेत, दोन यंत्रं बंद पडली होती ती त्याने चालू केली, आणि दाढी छातीपर्यंत आली आहे म्हणे. मार्चअखेर तो परत येईल. पुढच्या तुकडीचं जहाज नोव्हेंबरच्या मध्यावर निघतं. त्याला काही पाठवायचं तर त्याच्या आधी द्यायला हवं. वर्षातून हे एकच जहाज, तेव्हा तुम्हीही चार ओळी लिहा.

आता खरं काम सांगते. रागावू नका. हिनाकोचा स्नोबोर्डचा वर्ग डिसेंबरात सुरू होतोय. तुमचं या बाबतीतलं मत सगळ्या कुटुंबाला पाठ आहे, पण जन्मभर स्कीचे बूट बसवून देणाऱ्या तुमच्याशिवाय बुटांबद्दल विचारू कोणाला? गेल्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी शिन्पेईने तिला वीस सेंटिमीटरचे बूट घेऊन दिले होते. ती म्हणते, ते अजून छान होतात. समोरच्या बाई म्हणतात, मुलांच्या पायांचा भरवसा नाही, सरळ दोन मापं मोठे घे आणि दोन जाड मोजे घाल, तीन हिवाळे बघायला नको. मला काही सुचत नाही. दोन्ही पायांचा आकार कागदावर काढून सोबत पाठवतेय. तेवढं बघून कळवाल का?

गुडघ्याला शेक देत जा. आमच्यावर आहे तशीच माया राहू द्या.

आपली,
मिनाए

---

ओतारू,
१७ ऑक्टोबर १९९७

चि. सौ. मिनाए हिस तोकुजीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र मिळालं. गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी आहे.

फळीला दोन्ही पाय बांधून उताराच्या मधोमध बसून राहणाऱ्या पोरांबद्दल मी काही लिहिणार नाही. लिहायला बसलो तर तिकीट जास्त लागेल. परंतु पाय हा पाय असतो, स्कीवर असो की फळीवर. म्हणून उत्तर देतो.

तू पाठवलेला कागद मी भिंगाखाली धरून पाहिला. सूनबाई, हा पाय खोटा आहे. लांबी बरोबर वीस भरते, पण टाचेची रुंदी एकवीस सेंटिमीटरच्या पायाची आहे. दोन्ही पाय केसाचाही फरक नसलेले सारखे, असे मी पन्नास वर्षांत पाहिले नाहीत. आणि अंगठ्याचं टोक बघ, कसं बोथट आलंय. तू पेन्सिल फिरवत असताना पोरीने बोटं आखडून घेतली होती. तुझं लक्ष पेन्सिलीकडे होतं, म्हणून तुला दिसलं नाही.

रागावू नकोस. आधी एवढं कर. तिचे बूट घे, आतला मऊ बूट उपसून बाजूला ठेव. नुसत्या बाहेरच्या कवचात तिला पाय घालू दे, बोटं पुढे टेकेपर्यंत सरकू दे, आणि मग टाचेमागे तुझं बोट जातं का बघ. एक बोट गेलं तर बूट बरोबर. दोन गेली तर मोठे. एकही गेलं नाही तर मला लगेच कळव.

समोरच्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि त्यांचा सल्ला मुळीच ऐकू नकोस. सैल बुटात टाच उचलली जाते, मूल वळायला जातं आणि फळी दुसरीकडेच जाते. दोन मोज्यांनी फक्त घाम येतो.

पोरीने असं का केलं, ते तिला शांतपणे विचार.

तुमचा शुभचिंतक,
तोकुजी

---

युझावा,
२४ ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. हिनाको शाळेतून आल्यावर तिला बूट घालायला लावले. बोट सोडाच, टाचेमागे पेन्सिलसुद्धा गेली नाही. आतल्या बुटासकट घालून ती दोन मिनिटं उभी राहिली आणि हसत म्हणाली, बघ, होतात की. मोजे काढले तर बोटांची टोकं लालभडक.

तुम्ही सांगितलं तसं शांतपणे विचारलं. ती रडायला लागली आणि सगळं बाहेर आलं. शिन्पेईने बुटाच्या नाड्या आवळताना तिला सांगितलं होतं म्हणे, मी परत आलो की हेच बूट घालून आपण दोघं शेवटच्या बर्फावर जाऊ. तिने ते शब्द धरून ठेवलेत. तिला वाटतं, हे बूट होईनासे झाले तर ठरलेलं मोडलं. बाबा येईल तेव्हा त्याच्या ओळखीचं काहीच उरलेलं नसेल, असंही म्हणाली. आणि ऐका, उन्हाळ्यापासून ती शाळेतलं दूध पीत नाहीये. दुधाने मुलं वाढतात असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं, म्हणून आपला पेला रोज शेजारच्या मुलाला देते. तो मुलगा मात्र दोन इंच वाढला आहे.

मला हसू आलं आणि रडूही. इतके महिने तिच्यासोबत राहून मला कळलं नाही, आणि तुम्हाला हजार कोस दूर बसून एका कागदावरून कळलं.

मी तिला खूप समजावलं. मान डोलावते, पण बूट उशाशी घेऊन बसली आहे. वर्गाला जायचंच नाही, असंही काल म्हणाली. तुम्हीच तिला काहीतरी लिहा. तुमचं ती ऐकेल.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी,
मिनाए

---

ओतारू,
२९ ऑक्टोबर

चि. हिनाको हिस आजोबांचे खूप खूप आशीर्वाद.

तू मला फसवायला निघालीस याचा मला राग आलेला नाही. उलट, काम सफाईने केलंस. टाचेकडे लक्ष दिलं असतंस तर मीही फसलो असतो.

तुला एक गोष्ट सांगतो. ही मी अजून कोणाला सांगितलेली नाही. तुझा बाबा दहा वर्षांचा होता तेव्हा गावातल्या सगळ्या मुलांना स्कीचे बूट मी बसवून द्यायचो. त्या वर्षी त्याच्या मापाचा शेवटचा जोड एका गिऱ्हाइकाने मागितला आणि मी तो देऊन टाकला. घरच्या पोराला काय, असं म्हणून त्याला दोन मापं मोठे बूट दिले, तीन हिवाळे चालतील म्हणून. तो सारखा पडायचा. पाय दुखतात म्हणायचा. मी त्याला आळशी म्हणायचो. बाराव्या वर्षी त्याने स्की सोडली आणि पुन्हा कधी हातात घेतली नाही. पुढे माळा आवरताना ते बूट सापडले. टोकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले होते. त्याने बूट आपल्या पायाला बसवायचा प्रयत्न केला होता, आणि मी सगळ्या गावाचे पाय बघत होतो, त्याचे बघितले नव्हते. त्याची माफी मागायचं माझं राहून गेलं आहे.

म्हणून मला तुझ्या पायाचं खरं माप हवंय. बाबाचं बोलणं बुटांशी झालेलं नाही, तुझ्याशी झालं आहे. तू वाढलीस तर तो तुला ओळखणार नाही असं तुला वाटतं. मग त्याला आधीच कळवून टाकू. बोटं सरळ ठेव, आईकडून दोन कागद काढून घे. एक मला पाठव आणि एक जहाजाने बाबाला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी बोटीने येतोय. बूट दुकानात आपण दोघं बघू. आईने तोवर काही घेऊ नये. आणि उद्यापासून दूध पी. त्या मुलाला आता पुरे.

तुझा लाडका नसलेला पण तुझ्यावर लाड करणारा,
आजोबा

---

युझावा,
५ नोव्हेंबर

प्रिय आजोबांना हिनाकोचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही माझे लाडके आहात. लाडका नसलेला असं लिहायचं नाही.

मी बोटं सरळ ठेवली. डावा पाय एकवीस आहे आणि उजवा त्याहून थोडा जास्त. आई म्हणाली की आजोबा खरंच बरोबर होते, दोन्ही पाय सारखे नसतात. बाबाच्या कागदावर मी बाजूला लिहिलं की हा माझा पाय आहे आणि तू येशील तेव्हा हा अजून मोठा असेल, तर घाबरू नकोस. आईने ते वाचलं आणि चहा करायला गेली, पण चहा आणलाच नाही.

बाबाला मी ती वर्तमानपत्राच्या बोळ्यांची गोष्ट पण लिहिली आणि आजोबांना माफी मागायची आहे हेही लिहिलं. ते लिहायचं नव्हतं का? पाकीट आता बंद झालं आहे आणि संस्थेत गेलं आहे.

दूध प्यायले. शेजारचा मुलगा माझ्याशी बोलत नाही.

तुम्ही याल तेव्हा माझ्या खोलीत झोपा. मी घोरत नाही, तुम्ही घोरलात तर चालेल.

तुमचीच,
हिनाको

---

युझावा,
३० डिसेंबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोहोचल्याचं कार्ड मिळालं. तुम्ही गेल्यापासून घर फार शांत आहे. बुटांच्या दुकानातला तो तरुण विक्रेता मला बाजारात भेटला. सात जोड काढायला लावणारं गिऱ्हाईक त्याने आजवर पाहिलं नव्हतं म्हणे. तुम्ही फरशीवर मांडी घालून बसलात, पोरीला गुडघे वाकवायला लावलेत आणि टाच सुटते का ते बघत राहिलात, तेव्हा सुरुवातीला तो मनातून हसत होता. आता तो प्रत्येक मुलाला गुडघे वाकवायला लावतो. तुम्हाला मास्तर म्हणतो.

साडेएकवीसचे ते बूट अगदी नीट बसले आहेत. उभी राहिली की बोटं पुढे जेमतेम टेकतात, वाकली की मागे येतात, तुम्ही सांगितलं तसंच. वर्गाच्या तिसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा दोन्ही बाजूंना वळली. मी कुंपणापाशी उभी होते. खाली आल्यावर मला म्हणाली, आई, मला पाय आहेत हे मी विसरलेच होते. जुने बूट तिने स्वतःहून वर्गातल्या सर्वांत लहान मुलीला दिले आणि देताना तिच्या टाचेमागे बोट घालून पाहिलं.

आता मुख्य बातमी. जहाज तळापाशी पोहोचलं, पहिल्या हेलिकॉप्टरने टपाल गेलं आणि शिन्पेईचा निरोप संस्थेकडून फॅक्सने आला. हिनाकोचा पाय त्याने जेवणघराच्या भिंतीवर लावला आहे. तळावरच्या सगळ्या माणसांनी आपापला हात त्यावर ठेवून पाहिला म्हणे.

तुमच्यासाठी वेगळा मजकूर आहे, तो जसाच्या तसा कळवते. तो म्हणतो, बूट मोठे होते हे खरं, पण स्की त्यामुळे सुटली नाही. त्याला उतारावरून खाली येण्यापेक्षा वर नेणाऱ्या लिफ्टचं इंजिन बघत बसायला आवडायचं. पण बूटवाल्याच्या मुलाने तसं सांगायचं कसं? म्हणून तो पाय दुखतात म्हणायचा. बोळे मात्र उबेला फार छान होते. मार्चअखेर परतला की आम्हा दोघींना घेऊन तो आधी ओतारूला येईल. त्याला फळीवरचे बूट हवेत आणि माप तुम्हीच घ्यायचं.

यातलं खरं किती आणि तुमच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून लिहिलेलं किती, ते त्याचं त्यालाच ठाऊक. मी ते तीनदा वाचलं.

नवीन वर्षात तुमचा आशीर्वाद आम्हा तिघांच्या डोक्यावर असाच असू द्या.

आपली,
मिनाए

---

ओतारू,
११ जानेवारी १९९८

चि. सौ. मिनाए हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. लिफ्टच्या इंजिनाबद्दल तो खोटं बोलत नसावा. त्या वर्षी लिफ्टवाला खरंच तक्रार घेऊन दुकानात आला होता, की तुमचा पोरगा सारखा यंत्रघरात घुसतो. मी ते हसण्यावारी नेलं होतं. आज तीस वर्षांनी जोड जुळली.

त्याला कळव की यावं, आणि येताना एकच पातळ मोजा घालावा.

आता माझी बातमी, समोरच्या बाईंना सांगू नकोस. मार्चअखेर तुम्ही तिघं उतारावर आणि मी खाली चहा पीत, हे काही मला बरं दिसेना. म्हणून काल डोंगरावरच्या फळीच्या शाळेत जाऊन विचारलं, एकाहत्तर वर्षांच्या माणसाला शिकवता का. शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल. हसली नाही. फक्त विचारलं, आजोबा, पायाचं माप? मी सवयीने सव्वीस म्हणालो. ती म्हणाली, बसा, बघून घेऊ.

ती माझ्यासमोर गुडघ्यावर बसली, माझा मोजा सरळ केला, टाच हातात धरली. पन्नास वर्षं मी लोकांच्या पायांशी बसलो. माझ्या पायाशी कोणी बसायची ही पहिलीच वेळ.

माझं माप पंचवीस निघालं. जन्मभर मी एक माप मोठे बूट घालत आलो.

तुमच्या सुखात सुख मानणारा,
तोकुजी