भरपगारी रजा

३ जानेवारी
आलो बाई एकदाचे. पप्पा, मी, चार खोकी आणि पप्पांची ती फाटकी खुर्ची, जी टाकायची म्हटलं की घर डोक्यावर घेतात. सरकारी बालगृहाच्या स्वयंपाकघराची मुख्य म्हणून मला नेमलंय, आणि नोकरीबरोबर हे घरही. दोन खोल्या, मागे काचा लावून बंद केलेला व्हरांडा, त्यात गॅसचा हीटर. बावीस वर्षं हायवेवरच्या हॉटेलात भांडी घासली, आता मी हुकूम सोडणार. ऑफिसातली डार्लीन हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेली बटाटा-मटणाची खिमट, घेऊन आली होती. मीठ कमी होतं, पण बाई मनाने चांगली वाटली.

५ जानेवारी
आज बोटांचे ठसे घेतले. मुलांजवळ काम म्हणजे आधी पोलिसांकडून तपास. दहाही बोटं शाईत बुडवली, कागदावर नुसते काळे डाग. बावीस वर्षांच्या साबणाने रेघाच पुसून गेल्यात. डार्लीन हसून म्हणाली, अगं व्हर्ना, तुझी बोटं म्हणजे उकडलेले बटाटे. तरी कागद राजधानीला धाडला. उत्तर येईपर्यंत मला भरपगारी रजा. अट एकच. आठ ते पाच घरात राहायचं आणि ऑफिसचा फोन तिसरी रिंग व्हायच्या आत उचलायचा. एक चुकला की नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर घर. आमचं चाकांवरचं घर, तो ट्रेलर, तर विकून बसलोय.
पप्पा म्हणाले, घरी बसायचा पगार मिळतो हे माहीत असतं तर मीही एखादा गुन्हा केला असता. एकोणऐंशी वर्षांचे झाले, जीभ अजून तशीच.

९ जानेवारी
पत्र आलं. ठसे जुळले म्हणे. गुन्हा, मनुष्यवध. मयत, आरोपीचे वडील, वय ७९. तारीख, १४ जानेवारी. वर्ष यंदाचं.
आज नऊ आहे. मी पोट धरून हसले. पप्पांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, निदान शुक्रवारचे मासे तरी खाऊ दे.

१० जानेवारी
डार्लीनला फोन केला. वर्ष टाइप करताना चुकलं असेल, विचारून सांगते म्हणाली. मी म्हटलं, माझ्या बोटांवर रेघाच नाहीत, मग जुळलं काय? त्यावर ती गोड आवाजात म्हणाली, घरीच राहा हं, पगार चालू आहे.

११ जानेवारी
पप्पांनी सूपची वाटी भिंतीवर मारली. त्यातले पिठाचे गोळे कच्चे होते म्हणे. मी वळले तेव्हा हातात कढई होती, आणि ती वर उचललेली होती. मी केव्हा उचलली ते आठवत नाही. त्यांनी पाहिलं. खुर्ची मागे सरकवली. एरवी टोमणा मारला असता.
मला माझीच भीती वाटते. लिहून टाकलं.

१२ जानेवारी
भावाला, एरिंगला फोन केला. चार दिवस ने त्यांना, पाया पडते म्हटलं. एरिंग म्हणाला, तुझं डोकं फिरलंय, आणि रस्ताही बंद आहे. रस्ता खरंच बंद आहे, बर्फ खिडकीपर्यंत आलंय. मला तर घर सोडता येत नाही. आज फोन पाचदा आला. आहेस ना, एवढंच विचारतात.

१३ जानेवारी
ठरलं. पप्पा उद्याचा दिवस व्हरांड्यात. कडी आतून. मी बजावलं, मी काहीही सांगितलं, रडले, ओरडले, तरी उघडायचं नाही. आधी कुरकुरले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, बरं पोरी. पोरी म्हणाले. आईच्या मरणानंतर पहिल्यांदा.
सुऱ्या बर्फात फेकल्या. खुर्ची, पत्ते, थर्मास आत ठेवला. वारा फार घुसतो म्हणून दाराच्या फटीत जुनी ब्लँकेटं कोंबली. वरच्या झरोक्यातही कोंबली. म्हातारं माणूस, थंडी नको लागायला.

१४ जानेवारी, सकाळी आठ
ते आत गेले. कडी लागली. हीटर मोठा करा म्हणून मीच ओरडले.

दहा वाजता
काचेवर बर्फ, आतलं दिसत नाही. काचेला हात टेकून विचारलं, बरंय ना? म्हणाले, डोकं दुखतंय, उघडू का? मी म्हटलं, अजिबात नाही. मी नाटक करत असेन तर?

साडेअकरा
हाक मारली. उत्तर नाही. शहाणे झालेत. शब्द पाळतायत.

एक वाजता
डार्लीनचा फोन. पत्र चुकीच्या पाकिटात गेलं होतं. ती बाई दुसरीच, पन्नास वर्षांपूर्वीची, फॉर्मवर चालू वर्ष आपोआप पडतं. माझं सगळं साफ आहे. सोमवारी कामावर. तोवर नियम तोच, फोन उचलायचा. जीव भांड्यात पडला. मी हसले, ती हसली. मग तिनेच सांगितलं, अगं, त्या बाईने काय केलं माहितेय? म्हाताऱ्या बापाला खोलीत ठेवलं, शेगडी पेटवली, फटी बुजवल्या, तो गुदमरून गेला. शेवटपर्यंत म्हणत होती, त्याच्या भल्यासाठीच—

पप्पा उघडा. संपलं. मीच आहे. खरंच मी—
उघडत नाहीत. मीच सांगितलं होतं, काहीही झालं तरी—

दार तोडलं. खुर्चीत आहेत. गाल लाल, बरे दिसतात. मांडीवर पत्ते. हात गार.
काचेवर बाहेरून माझी बोटं उमटलीत. दहाही. रेघा आहेत. एकेक रेघ मोजता येते—

फोन वाजतोय. एक.
उचलायला हवा. नाहीतर घर जाईल, आणि पप्पांना मग कुठे—
दोन.
आहेस ना विचारतील. मी काय—