चौदा तयार लेख

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षे झाली आणि या बारा वर्षांत मी तुम्हाला एकही पत्र लिहिले नाही, याबद्दल क्षमा मागावी की मागू नये, हे मला ठरवता येत नाही. मृत व्यक्तीस पत्र लिहिणे माझ्या स्वभावास धरून नाही. मी ज्या महाविद्यालयाच्या कार्यालयात लिपिक आहे, तेथे आलेल्या प्रत्येक कागदाला आवक क्रमांक आणि गेलेल्या प्रत्येक कागदाला जावक क्रमांक द्यावा लागतो. या कागदाला यांपैकी कोणताही देता येणार नाही. तरीही लिहितो आहे, कारण तुम्ही शिकवलेल्या शास्त्रात एक अडचण उभी राहिली आहे, आणि ते शास्त्र जळगाव-धुळे या दोन्ही जिल्ह्यांत तुमच्याइतके कोणाला अवगत होते, असे मला वाटत नाही.

कोणी मागण्याआधी लेख लिहून ठेवायचा, आणि मग तो टपालाने विकायचा, हे ते शास्त्र. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी मी धुळ्यास बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. एका वृत्तपत्राच्या कार्यालयात जाऊन मी संपादकांना नम्रपणे विचारले होते, ‘‘मी काय लिहून देऊ?’’ त्यांनी मला दारापर्यंत पोहोचवले. हे ऐकून तुम्ही वर्गातच हसलात, आणि सायंकाळी मला आग्रा रोडवर एका तयार कपड्यांच्या दुकानासमोर उभे केलेत. ‘‘तू शिंपी आहेस,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘कोणी माप दिलं की शिवणार. हा दुकानदार बघ. यानं कोणाचं माप घेतलंय? तो गावाकडं बघतो आणि बत्तीस, चौतीस, छत्तीस टांगून ठेवतो. लेखही तसाच. सहाशे शब्दांचा, नऊशेचा, बाराशेचा. जाहिराती लावून झाल्या की पानाला भोक पडतं, आणि संपादकाला सायंकाळी सहाला ठिगळ हवं असतं. त्या वेळी तो तुझी प्रतिभा बघत नाही, माप बघतो.’’

तुमचे घर मला अजून लख्ख दिसते. स्वयंपाकघराच्या फळीवर लोणच्याच्या बरण्यांच्या ओळीत बिस्किटांचे पत्र्याचे डबे, आणि त्या डब्यांत लेख. तुमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना सारी गल्ली अक्का म्हणे, पोळ्या लाटत आहेत. ‘‘याच्या लेखांपेक्षा माझं लोणचं बरं,’’ त्या मला सांगतात, ‘‘वर्षभर ठेवलं तर मुरतं तरी.’’ ‘‘लेखही मुरतात, अक्का,’’ तुम्ही म्हणता. ‘‘हो, आणि वाळवीही लागते.’’ तुम्ही हसता आणि मला नाशवंत गोष्टींची यादी लिहून घ्यायला सांगता: बाजारभाव, मंत्री, पाऊस, ‘यंदा’ हा शब्द, आणि कोणाचेही कौतुक. यांपैकी काहीही तयार लेखात घालायचे नाही, कारण तो केव्हा छापला जाईल हे लिहिणाऱ्यास ठाऊक नसते. आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, लेख दिवाळीत लिहावा, दिवाळीचा आखाजीत, आणि सणाच्या दीड महिना आधी पाठवावा. सोबत पुरेशी तिकिटे लावलेला परतीचा लिफाफा जोडावा. लिफाफा नसलेला लेख परत येत नाही आणि छापलाही जात नाही, तो चहाच्या कपाखाली जातो. कार्बनप्रत स्वतःजवळ ठेवावी. कोणता लेख कोठे गेला आणि कधी परतला, याची वही ठेवावी. परत आलेला लेख त्याच दिवशी दुसऱ्या लिफाफ्यात घालावा. रुसत बसू नये. एका पेपरात छापून झालेला लेख वर्षाने दूरच्या पेपराला विकण्यास हरकत नाही, पण तसे पत्रात स्पष्ट लिहावे. आणि शेवटचा नियम, जो मी सर्वांत व्यवस्थित अक्षरात लिहून घेतला व सर्वांत आधी मोडला: एस.टी.च्या एका मार्गावर एकच लेख.

मला नोकरी लागून मी जळगावास आलो, तेव्हा तुम्ही मला तीन कप्प्यांची एक पत्र्याची पेटी दिलीत, प्रत्येक मापासाठी एक कप्पा. पुढच्याच वर्षी माझा विवाह झाला. पत्नी पारोळ्याची. माहेरी अहिराणी, माझ्याशी प्रमाण मराठी, आणि राग आला की पुन्हा अहिराणी. खानदेशी भरितावर मी लिहिलेला नऊशे शब्दांचा लेख तिने उभ्या उभ्या वाचला आणि विचारले, ‘‘तुमी कधी वांगं भाजेल शे का?’’ मी स्टोव्हचा उल्लेख केला होता. ‘‘स्टोव्हवरचं वांगं आजारी माणसाला देतात,’’ ती म्हणाली. ‘‘कपाशीच्या काड्यांवर भाजा. आणि ठेचायचं लाकडाच्या बडगीत, मिक्सरात नाही. लिहा, मी सांगते.’’ मी लिहिले. तिने सांगितलेले तिच्या नावावर लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटले, म्हणून ‘माझी पत्नी सांगते’ असे शब्द त्या लेखात चार ठिकाणी आले.

तो लेख मी धुळ्याच्या एका पेपरास पाठवला, आणि लगेच जळगावच्याही एका पेपरास. माझ्या मते यात नियमभंग नव्हता, कारण जिल्हे दोन होते. दोन्हीकडे तो एकाच रविवारी छापून आला. त्याच दिवशी दुपारी माझे सासरे, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, पारोळ्याहून बसने आमच्या दारात हजर झाले. काखेत दोन्ही पेपर. पारोळा धुळे आणि जळगावच्या मध्ये. सकाळच्या गाड्यांतून दोन्हीकडचे गठ्ठे त्यांच्याच स्थानकावर उतरतात. ‘‘जवाईबापू, हाई काय शे? धुयाना पेपरमा बी तुमनं भरीत, जयगावना पेपरमा बी तुमनंच भरीत! एकच वांगं दोन ताटमा?’’ पत्नी स्वयंपाकघरात तोंडावर पदर घेऊन हसत होती. मी मात्र अंथरूण धरावे की काय, या विचारात होतो.

तुमचे कार्ड तिसऱ्या दिवशी आले. ‘जिल्ह्याची हद्द कलेक्टरला दिसते, एस.टी.ला दिसत नाही. दोन्ही संपादकांकडे स्वतः जा. पत्र लिहू नकोस, पत्रात तू फार शुद्ध बोलतोस.’ एवढेच. तुम्ही मला रागावलात तो हा एकच प्रसंग, आणि तो रागही एका कार्डात मावला. मी गेलो. धुळ्याच्या संपादकांनी पुन्हा लेख न पाठवण्याची विनंती केली, आणि ती मी आजवर पाळली आहे. जळगावच्या संपादकांना त्यांच्या कार्यालयात सगळे भाऊ म्हणत. त्यांनी माझे क्षमायाचनेचे तिन्ही परिच्छेद शांतपणे ऐकले. ‘‘म्हणजे तुमच्या मालाला दोन गिऱ्हाइकं एकदम मिळाली?’’ ते म्हणाले. ‘‘चोर आहात, पण माल बरा आहे. त्या वहिनी अजून काय सांगतात? तयार असेल तर ठेवून जा.’’

येथून माझ्या लेखनास खरी सुरुवात झाली, हे तुम्हास ठाऊकच आहे. त्यानंतरची दोन वर्षे तुम्ही होतात. पुढची दहा वर्षे तुम्ही पाहिली नाहीत. भाऊंना दर महिन्यास एक लेख लागे आणि माझ्या पेटीत तो असे. मी कार्यालयातून येई, ती कणीक मळता मळता बोले, मी शुद्ध करून लिही, आणि शुद्ध केलेले ऐकून ती म्हणे, ‘‘असं मी कधी बोलले? मी एवढी सभ्य आहे होय?’’ मी दोन वाक्ये पुन्हा अशुद्ध करी. दूरची मासिकेही लेख घेऊ लागली होती. ज्या लेखात ती नसे, तो बहुधा परतीच्या लिफाफ्यातून घरी येई. तिला याचा फार अभिमान होता, आणि तो ती अजिबात लपवत नसे.

मागील भाद्रपदाच्या आदल्या भाद्रपदात ती गेली. आजार अकरा दिवसांचा. याविषयी अधिक लिहिणे मला जमणार नाही. पेटीत त्या वेळी चौदा लेख होते आणि चौदाही लेखांत ती होती; कोठे वांगी निवडत होती, कोठे आखाजीला माहेरी निघाली होती, कोठे माझ्या भाषेला हसत होती. सर, नाशवंत गोष्टींची तुमची यादी मी पंधरा वर्षे पाळली. त्या यादीत पत्नी नव्हती.

अडचण ती हीच. भाऊंनी सहा महिने काही मागितले नाही. मी एक लेख काढून तिला त्यातून वगळून पाहिले. नऊशे शब्दांचे तीनशे उरले, आणि त्या तीनशेंत केवळ मी होतो. असा लेख मी स्वतःही विकत घेतला नसता. नवे काही सुचत नव्हते. आहे तसे छापून आणावे, तर वाचकांचा समज होईल की ती आमच्या घरी अजून भाकरी थापते आहे, आणि असे समजू देणे हा वाचकांशी अप्रामाणिकपणा आहे, असे माझे मत होते. अखेर मी भाऊंकडे गेलो.

‘‘लेख तयार आहेत,’’ मी म्हणालो, ‘‘परंतु त्यांत घरातली मंडळी आहेत.’’

‘‘मला माहीत आहे, वहिनी गेल्या तेव्हा मी बसायला आलो होतो ना,’’ भाऊ म्हणाले. ‘‘लिहिलं ते खोटं आहे का?’’

‘‘लिहिले तेव्हा खरे होते. परंतु वाचकाला वाटेल, त्या आहेत.’’

भाऊंनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. ‘‘वाटू द्या की. आपल्या पेपरामुळं कोणाला काही चांगलं वाटतं, असं रोज कुठं होतं?’’

लेख छापले जाऊ लागले, एका अक्षराचाही बदल न करता. दर रविवारी सकाळी मी दारात उभा राहून पेपराची वाट पाहतो, हे शेजाऱ्यांच्याही लक्षात आले आहे. एका रविवारी तिने मला पेपरातून चहा गार केल्याबद्दल बोल लावला आणि मी खरोखरच कप उचलला.

मग सावद्याहून एका वाचक भगिनींचे कार्ड आले. ‘कळण्याच्या भाकरीचा लेख आवडला, परंतु ज्वारीत उडीद किती घालायचे ते त्यात नाही. कृपया वहिनींना विचारून कळवावे.’ मी कार्ड उलटसुलट पाहिले. लेखात प्रमाण नव्हते, कारण ती मोजून कधी घालतच नसे; आणि दळण गिरणीवर नेण्याचे काम माझे असूनही मी डब्यात कधी डोकावलो नव्हतो. मी ज्वारी आणि उडीद आणले. पहिल्या रविवारी तिनास एक दळून आणले. भाकरी चिवट झाली. दुसऱ्या रविवारी सहास एक. चव आलीच नाही. तिसऱ्या रविवारी चारास एक, थोडे मीठ घालून. आकार सांगण्यासारखा नव्हता, पण पहिला घास घेतला आणि तो तिच्या हातचा होता. मी बराच वेळ चुलीशी बसून होतो, आणि सर, मी दुःखी नव्हतो. सावद्याच्या कार्डावर लिहिले: ‘चारास एक. पत्नीने नमस्कार सांगितला आहे.’ आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाताना ते टपालपेटीत टाकले.

तेव्हापासून आणखी पाच कार्डे आली; पाचांनाही तिचा नमस्कार गेला. मी स्वतःस समजावत होतो की लेख तिच्या हयातीतले आहेत, तेव्हा त्यांपाठोपाठचा नमस्कारही त्यांतच धरावा. हा युक्तिवाद तुम्हास पटला असता की नाही, हेच विचारण्यासाठी मी हे पत्र लिहावयास घेतले होते. तसेही ते पाठवावयाचे नाही, तेव्हा उरलेलेही सांगून टाकतो.

चौदावा लेख गेल्या महिन्यात छापून झाला. परवा मी तीन रविवारांच्या त्या भाकऱ्यांवर एक नवा लेख लिहिला, नऊशे शब्दांचा. मी पीठ मळतो आहे आणि ती दारात उभी राहून म्हणते, ‘‘थापताना भाकरीशी भांडू नका, ती बायको नाही.’’ हे वाक्य ती कधीही बोललेली नाही. ते मी रचले, आणि या वेळी ते शुद्ध करावे लागले नाही. काल लेख भाऊंना नेऊन दिला. त्यांनी तो तेथेच वाचला, त्या वाक्याशी मोठ्याने हसले, मग माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘हाही जुनाच ना?’’

मी हो म्हणालो.