स्वयंपाकघरामागचा डोंगर

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुलाच सांगावंसं वाटतंय.

लेकीनं आणि जावयानं कुंभिवलीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी एक बंगला बघून ठेवला होता. उन्हाळ्यात बघितलेला. मी म्हटलं, भर पावसात पुन्हा बघू. ही सवय तुझीच. एकदा कर्जतला आपल्या खानावळीच्या स्वयंपाकघरात तू भात वेळत होतीस आणि बाबा डोंगराखालच्या एका स्वस्त जागेचं कौतुक सांगत होते. मी मध्येच म्हणाले, घेऊया ना, छान आहे तिथं. तू पळी आपटलीस. "गप बस गं! डोंगर काय आपला पाव्हणा हाय? आत आला तर बसाया पाट देशील?" बाबा हिरमुसले. ती जागा राहिली ती राहिलीच. मला तेव्हा तू भित्री वाटली होतीस.

तर आम्ही गेलो. जावई चौकस. त्यानं भूकंपाचं विचारलं, पाताळगंगेच्या पुराचं विचारलं. विकणारा माणूस हसून म्हणाला, "साहेब, पूर इथवर चढत नाही. आणि भूकंपात घर हलेल, पण पडणार नाही. खांब बघा." लेक खांबांवरून हात फिरवत होती. मागच्या डोंगराचं कुणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही. डोंगर उभा कापून भिंत घातली होती, तिच्यावर वेल सोडली होती. ती बागच वाटत होती.

मी उठून मागच्या स्वयंपाकघरात जाते. घर विकलं जाईपर्यंत राखणदार तिथंच राहायचा. त्याची बायको भाकरी थापतेय, वरच्या वाडीतली, पोटुशी. खिडकीतून भिंत दिसतेय. तिच्या फटींतून लाल, दाट पाणी येतंय, आणि बघता बघता भिंतीला पोट सुटतं. "बाय, ऊठ!" मी ओरडते. ती म्हणते, "तव्यावरची येवढी उतरवते." मी तिचा दंड धरून ओढते, लेकीला हाका मारते. सगळे फाटकाशी पोचतो न पोचतो तोच मागं आवाज होतो. खडीचा टेंपो ओतावा तसा, पण थांबतच नाही.

वळून बघितलं तर घर उभंच होतं, आई. एकही खांब हलला नव्हता. पण सगळ्या खिडक्यांतून चिखल बाहेर येत होता, आणि चूल होती तिथं छतापर्यंत माती. ती बाई पिठाचे हात तसेच धरून उभी. राखणदार धावत आला आणि तिला नुसता चाचपत राहिला. विकणारा माणूस रस्त्यावरच बसला. "मला खरंच म्हाईत नव्हतं," एवढंच म्हणत होता.

वाचलो सगळे. आता लेक सपाटीवरच्या जागा बघते. आधी आजूबाजूचे ओढे, उतार फिरून येते, मग घरात शिरते. आणि सगळ्यांना सांगते, "आईला आधीच कळलं होतं. ती डोंगर बघायलाच मागं गेली." लोक माझ्याकडे आदरानं बघतात. मी चहा टाकायला उठते.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगते. मी डोंगर बघायला उठले नव्हते गं. मला ते घर फार आवडलं होतं. ओट्यावर आपली शेगडी कुठं बसेल, ते बघायला गेले होते.