तिच्या खणातलं वजन

प्रिय लिओनी,

परवा फोनवर तू म्हणालीस, "पा, तुम्ही फक्त कॅरॅव्हॅनची चावी कुठे आहे ते सांगा, बाकीचं डेन्झिल बघून घेईल." चावी स्वयंपाकघरातल्या खिळ्यालाच आहे, तुझ्या आईच्या एप्रनमागे. पण बाकीचं सगळं जावयावर सोडलं तर मला झोप लागायची नाही. मागच्या डिसेंबरात मी एकटाच आपली कॅरॅव्हॅन, ते चाकांवरचं घर, गाडीमागे जोडून समुद्रावर निघालो आणि अर्ध्या वाटेवरून परत आलो. तुला सांगितलं, गाडी तापली. गाडी तापली नव्हती, पोरी. आता तू मुलांना मागे बसवून त्याच रस्त्याने जाणार आहेस, म्हणून खरं काय झालं ते लिहितो.

तुला आठवतं ना, निघायच्या आदल्या दिवशी आपल्या अंगणावर आईचं राज्य असायचं? डोक्याला रुमाल, हातात पाकात बुडवून खोबऱ्यात घोळलेला कोएसिस्टर, आणि माझ्यावर हुकूम. मी तंबूची गुंडाळी मागच्या खिडकीखाली टाकली की ओरडायची, "उलाळ करतोस का गाडी? काढ ते!" तिचा बाप द्राक्षमळ्यावर गाढवाची गाडी हाकायचा. मागे पिंपं जास्त झाली की दांड्या वर उचलल्या जात आणि गाढवाचे पुढचे पाय हलके पडत. हे तिने लहानपणीच पाहिलेलं. म्हणून जड ते खाली, अगदी जमिनीलगत, चाकांच्या वर. उशा, पांघरुणं, पावांच्या टोपल्या वरच्या फळ्यांवर. पाण्याची टाकी रिकामी. मग कॅरॅव्हॅनच्या नाकाखाली, गाडीला अडकवायच्या त्या पुढच्या टोकाखाली, लाकडाचा ठोकळा आणि ठोकळ्याखाली न्हाणीघरातला वजनकाटा ठेवून ती वाकून बघायची. नाक फार हलकं नको, गाडीला पेलणार नाही इतकं जडही नको. "बघ, आता कशी शहाण्यासारखी टेकलीय," असं म्हणून कॅरॅव्हॅनला थोपटायची. पोटच्या पोरीला थोपटावं तसं. तुला त्याचा राग यायचा, तेही आठवतंय मला.

डावीकडच्या चाकावर, बाकाखाली जो खण आहे तो तिचा. त्यात तीन पायांचं बिडाचं भांडं, डबे, कोळशाची पिशवी. त्या खणाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

आणि शेवटी कॅरॅव्हॅनचे मागचे दिवे. मी स्टिअरिंगच्या चाकामागे, ती पार मागे फाटकापाशी. मी एकेक दिवा लावायचो, तिथून तिचा आवाज यायचा: "डावा! उजवा! ब्रेक... लागला हो, कवीराज, चला आता!" कवीराज, कारण पाचवीत मास्तर फॉर्चूननी पाठ करून घेतलेली वाऱ्याची कविता मी प्रत्येक खिंडीत म्हणायचो. "कविता नंतर," ती म्हणायची, "आधी आरसे बघ." मला अजून सगळी कडवी येतात. ऐकून कंटाळणारं माणूस मात्र नाही.

ती गेल्यावर मी तिचा खण उघडला नाही. आत तिचा तपकिरी स्वेटर आणि उन्हाची टोपी आहे, हे ठाऊक होतं. भांडं तू नेलंस ते स्वयंपाकघरातून. खणाला मी तुलाही हात लावू दिला नाही. मागच्या डिसेंबरात सामान भरायला घेतलं, तेव्हा तो खण सोडून जिथे जागा दिसली तिथे सगळं भरलं. तंबू मागच्या खिडकीखाली, पाण्याचे कॅन त्याच्या शेजारी. वजनकाटा काढला नाही. एकट्याने कशाला, असं वाटलं. दिवे लावले आणि गॅरेजच्या पांढऱ्या भिंतीवर उजेड पडतो का ते मान वळवून पाहू लागलो. ब्रेक दाबला. आणि फाटकापाशी कुणीतरी नुसतंच खाकरलं. बोलायच्या आधी ती खाकरायची तसं. मी उतरून पाहिलं. फाटक बंद होतं.

स्वेलेंडॅम गावाच्या पुढे तो उघडा माळ लागतो. गहू कापून झालेला, पिवळ्या खुंटांत निळे क्रौंच उभे. आडवा वारा होता. उतारावर एक मोठा ट्रक शेजारून गेला, त्याने कॅरॅव्हॅन आधी आपल्याकडे ओढली, मग सोडली. ती जी डुलायला लागली! डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक झोक्याला आधीच्यापेक्षा जास्त. पाठीमागून कुणीतरी माझे खांदे धरून मला गदागदा हलवतंय असं वाटलं. पाय ब्रेककडे गेला. आणि लिओनी, मागून, अगदी ती उभी राहायची तिथून, आवाज आला: "ब्रेक नको, कवीराज. पाय उचल. चाक सरळ धर, हिच्याशी झगडू नकोस." मी पाय उचलला. चाक धरून ठेवलं. वेग उतरत गेला, झोके लहान होत गेले, आणि मी कडेच्या मुरुमावर थांबलो.

गाडीतून उतरून कॅरॅव्हॅनचं दार उघडलं. मग आत गेलो. सगळं ओझं मागे, चाकांवर तिचा खण तेवढा मोकळा. मी कॅरॅव्हॅन उलाळ केली होती, पोरी, तुझ्या आईला जागा ठेवायला म्हणून. झाकणावर हात ठेवला, उघडवेना. तंबू आणि कॅन ओढून चाकांच्या वर, कॅरॅव्हॅनच्या तळावर घेतले, पट्ट्यांनी आवळले आणि हळूहळू घरी आलो.

परवा तुझा फोन झाल्यावर मी तो खण उघडला. टोपी काढून घेतली. तू आईच्या वाढदिवसाला जे बिडाचं भांडं परत आणून ठेवलं होतंस, ते आत बसवलं आणि खडखडू नये म्हणून तिच्या स्वेटरात गुंडाळलं. तो स्वेटर काढू नकोस. डेन्झिलला सांग, सायकली मागच्या टोकाला टांगायच्या नाहीत, आणि त्याचा तो बिअरचा बर्फाचा पेटारा चाकांच्या वर, तळावर राहील, नाहीतर घरी राहील. तो हसेल. हसू दे. नाकाखाली काटा मात्र तू स्वतः लाव. आणि गाडी डुललीच तर पाय उचल, चाक सरळ धर.

"पा, तुम्हीही चला ना," असं तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा हवापाण्याविषयी बोललो. मी येणार नाही, लिओनी. कॅरॅव्हॅन आता तुमची. ती परत आणू नकोस, तुझ्याच अंगणात ठेव. तोंडावर सांगायला गेलो तर मला रडू येईल, म्हणून हे पत्र. बदल्यात एवढंच कर: शनिवारी निघताना मला फाटकापाशी उभं राहू दे. तू एकेक दिवा लाव, मी मागून सांगेन. डावा, उजवा, ब्रेक. आणि ब्रेकच्या वेळी दोन आवाज ऐकू आले, तर घाबरू नकोस, मागे वळूनही बघू नकोस. आरसे बघ, आणि नीघ.

तुझाच,
पा